सराव-लढतीची तयारी : तालमीचा एक विसरलेला धडा

१/ कामोठ्यात संध्याकाळ झाली की रस्त्यांवर पांढरे गणवेश आणि रंगीत पट्टे दिसू लागतात. कुठे इमारतीच्या सभागृहात, कुठे मैदानाच्या कोपऱ्यात कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग यांचे वर्ग भरतात. काही महिने हवेत ठोसे मारून झाले की प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाट्याला एक दिवस येतो. त्या दिवशी समोर प्रथमच जिवंत माणूस उभा राहतो आणि तोही प्रहार करणार असतो. या पहिल्या सराव-लढतीसाठी त्या मुलाची किंवा मुलीची कोणती तयारी झालेली असते, हा या धाग्याचा प्रश्न आहे.

२/ बहुतेकदा उत्तर तोकडे असते. शरीरासाठी दहा मिनिटे धावणे आणि अंग मोकळे करणे. मनासाठी 'घाबरू नकोस' एवढे एक वाक्य. महाराष्ट्रातील जुन्या तालमींनी या प्रश्नाचा याहून खोल विचार केला होता. त्या विचाराचे सार असे : सराव-लढतीची तयारी म्हणजे बळ वाढविण्याइतकीच बळ आवरण्याची तयारी होय. आजच्या वर्गांनी सर्वांत आधी परत मिळवावी अशी गोष्ट हीच आहे.

३/ या विचाराचा एक धागा कामोठ्याच्या शेजारूनच जातो. पनवेलच्या पुढे मुंबई-गोवा महामार्गालगत शिरढोण हे गाव आहे. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म तेथे १८४५ साली झाला. १८७९ च्या सशस्त्र उठावासाठी ते ओळखले जातात. परंतु त्याआधी ते पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडत होते. जोतीराव फुले यांनीही लहुजींकडेच दांडपट्ट्याचे धडे घेतले होते. उठावाची चर्चा होते. त्यामागच्या मेहनतीची क्वचितच होते.

४/ दांडपट्टा किंवा तलवार शिकणाऱ्यापुढे एक उघड अडचण असते : खऱ्या पात्याने सराव केला तर जोडीदार उरणार नाही. म्हणून फरी-गदगा आला. फरी म्हणजे छोटी ढाल आणि गदगा म्हणजे तलवारीच्या जागी घेतलेली, कातड्याने मढविलेली छडी. घोडेस्वारांसाठी बोथाटी होती. लांब भाल्याच्या टोकाला पात्याऐवजी गोळा बसवायचा आणि तो रंगात बुडवायचा. वार कोठे लागला ते अंगावरचा डाग सांगे. रक्ताची गरज उरत नसे.

५/ ही साधने भित्र्यांची सोय नव्हती. पाते बोथट केले म्हणूनच हात मोकळेपणाने चालविता आला. जपानमध्ये १८८२ साली कोदोकान स्थापन करणारे जिगोरो कानो याच निष्कर्षाला पोहोचले. जुन्या जुजुत्सूमधील घातक डाव त्यांनी मुक्त सरावातून बाजूला ठेवले आणि उरलेले डाव पूर्ण ताकदीने करण्याची मुभा दिली. ज्युदोत पकड येण्यापूर्वी पडणे शिकविले जाते, हे त्याच विचाराचे फळ. मर्यादा आखली की सराव लुटुपुटूचा होतो, ही समजूत दोन्ही परंपरांनी खोटी ठरविली.

६/ शरीराच्या तयारीचा लेखी पुरावा तर नऊशे वर्षांपूर्वीचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचे प्रकरण आहे. त्यात मल्लांची प्रतवारी आहे, आहार आहे आणि व्यायामाचे प्रकारही आहेत : भार उचलणे, चालणे, पाण्यात पोहणे, बाहूंची झटापट आणि खांबावरील मेहनत. यांपैकी बहुतेक गोष्टी एकट्याने करावयाच्या आहेत, हे लक्षात घ्यावे. दुसऱ्याच्या अंगाला हात लावण्याआधी स्वतःच्या अंगाशी बराच काळ झुंजावे, असा हा क्रम आहे.

७/ खांबावरील मेहनतीला पेशवाईच्या अखेरीस नवे रूप मिळाले. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबविद्या पुन्हा उभी केली. निजामाकडून आलेल्या नामांकित मल्लांचे आव्हान स्वीकारताना त्यांनी मल्लखांबावर तयारी केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी तिच्यातील युक्ती पटण्याजोगी आहे. मल्लखांब हा सर्वांत सहनशील जोडीदार. तो उलटा वार करीत नाही, रागावत नाही आणि पकड चुकली की तत्काळ घसरवून चूक दाखवितो.

८/ कुस्तीच्या तालमीत तर जमीनही तयार करावी लागे. हौद्यातील तांबडी माती खोऱ्याने उकरायची, तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबू मिसळायचे आणि मग ती सारखी करायची. माती उकरता उकरता खांदे, कंबर आणि पाय तापत. वेगळ्या तापणीची गरज कमी होई. त्याहून मोठा लाभ असा की, ज्या मातीवर जोडीदाराची पाठ आदळणार, ती मऊ करण्याचे काम आदळणाऱ्याच्याच हातांनी होई. मग जोर, बैठका, आणि शेवटी लढत.

९/ आता मनाकडे वळू. समोरून पहिला प्रहार आला की श्वास अडतो, खांदे कानांकडे चढतात, नजर एका ठोशावर खिळते आणि शिकलेले सारे विसरते. हा भित्रेपणा नव्हे, तो शरीराचा धर्म आहे. उपदेशाने तो जात नाही. धोका मोजून-मापून, पुनःपुन्हा आणि हळूहळू वाढवीत समोर आणला तरच त्याची सवय होते. म्हणून ओळखीच्या डावापासून, मंद गतीपासून आणि दर हालचालीला श्वास सोडण्यापासून आरंभ करणे, हीच मनाची व्यवहार्य तयारी.

१०/ तालमीत हे काम थोरले पैलवान करीत. नवख्याला प्रथम बरोबरीच्या पोराशी न भिडविता एखाद्या जाणत्याच्या हाती देण्याची रीत होती. तो नवख्याला पट काढू देई, चुकला तर अलगद खाली घेई आणि पुन्हा उभा करी. दोन घाबरलेले नवखे एकमेकांपुढे उभे केले तर दोघेही डोळे मिटून ताकद लावतात, आणि दुखापती बहुधा तेथेच होतात. मातीला हात लावून तो कपाळी नेणे, सलामी देणे, या क्षणांचाही उपयोग होता : बाहेरचा राग हौद्याबाहेर राहावा.

११/ हे वर्णन म्हणजे जुन्या काळाची आरती नव्हे. मुलींना बहुतेक तालमींची दारे बंद होती. आज सभागृहात मुलगा आणि मुलगी एकाच रांगेत उभे राहतात, ही निःसंशय प्रगती आहे. परंतु लहुजींची तालीम येथेही काही सांगून जाते. वस्ताद मांग समाजातले, शिष्यांत माळी जोतीराव आणि ब्राह्मण वासुदेव. विद्या देणारा आणि घेणारा यांच्यातील समाजाने ठरविलेला क्रम तेथे उलटला होता. आपले शरीर दुसऱ्याच्या हाती सोपविल्याशिवाय लढत शिकता येत नाही आणि सोपविलेल्या शरीराला विटाळ मानता येत नाही.

१२/ यावर एक आक्षेप हमखास येतो : खऱ्या संकटात कोणी हात आवरीत नाही, मग सरावात का आवरावा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. कायम लाडाने खेळलेला विद्यार्थी खऱ्या दडपणाखाली कोलमडू शकतो. म्हणूनच जोर वाढवावा. पण तो दोघांच्या संमतीने आणि पायरीपायरीने. पहिल्याच महिन्यात डोक्यावर बसलेला बेफाम ठोसा कोणालाही कणखर करीत नाही. त्यातून एक जण घरी बसतो आणि दुसरा दांडगाईलाच कौशल्य समजू लागतो.

१३/ तयारीचा अर्थ आणखी किती व्यापक असतो, हे खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात दिसते. मातीत घडलेले खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये अपरिचित मॅटवर आणि अपरिचित नियमांनी लढले आणि सहावे आले. १९५२ च्या हेलसिंकीवारीसाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून पैसे उभे केले. तेथे जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना पुढच्या कुस्तीला उभे केले गेले, आणि त्यांची बाजू मांडायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता. तरीही त्यांनी कांस्यपदक आणले. नियमांची जाण, विश्रांती आणि पाठीशी उभी माणसे हीदेखील तयारीच आहे, आणि ती एकट्या खेळाडूवर सोपवून चालत नाही.

१४/ तेव्हा कामोठ्यातील पालकाने वर्गाची निवड करताना भिंतीवरची पदके मोजण्याऐवजी एक सराव-लढत शेवटपर्यंत पाहावी. मुलांना पडायला आधी शिकविले आहे का? नवख्यासमोर जाणता उभा आहे का? 'थांब' म्हणताच हात खरोखर थांबतो का? आणि लढत संपल्यावर दोघे एकमेकांना कोठे लागले ते विचारतात का? या प्रश्नांची उत्तरे होकारार्थी असतील, तर फरशीवर अंथरलेल्या त्या निळ्या-तांबड्या मॅटखाली लहुजींच्या तालमीची माती अजून आहे, असे खुशाल समजावे. (समाप्त)