ग्रामसेवकाला एकटे पाडू नका

दसरा जवळ आला की बीड, परभणी, जालन्याच्या वाड्या-तांड्यांवर ऊसतोड मुकादमांची आगाऊ उचलीची बोलणी सुरू होतात. ऊसतोडीचा हिशेब माणशी नसतो, जोडीचा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. शिवाय आई-बाप पाच-सहा महिने कारखान्यावर जाणार, तर वयात आलेली पोर गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा घोरही खराच. मग नववी-दहावीतल्या मुलीचे लग्न उरकले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघाले. बीडमध्ये ते ४३.७ टक्के होते, परभणीत त्याहूनही जास्त.

हे लग्न थांबवायचे कोणी? बालविवाह प्रतिबंध कायदा २००६ चा. त्याखाली महाराष्ट्रात गावातला प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवक, ज्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. अंगणवाडी सेविका त्याची सहायक. ही निवड विचारपूर्वक केलेली आहे. गावात झालेल्या जन्माची नोंद याच्याच दप्तरात असते, त्यामुळे मुलीच्या वयाबद्दल त्याला फसवणे सोपे नाही.

पण चाइल्डलाइनच्या १०९८ क्रमांकावरून ग्रामसेवकाला निरोप येतो तेव्हा काय होते ते पाहा. मांडव पडलेला, हळद लागलेली. वडील म्हणतात, साखरपुडाच आहे, लग्न पुढच्या वर्षी. भावकी भोवती जमते. सरपंच बाजूला घेऊन समजावतात. ज्या घरांतून मार्चअखेर घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करायची, तीच ही घरे. पोलीस आले तर हमीपत्र लिहून घेतले जाते, मांडव उतरतो, आणि अनेकदा दोन दिवसांनी दुसऱ्या गावातल्या देवळात पहाटे अक्षता पडतात. तक्रार कोणी केली हे गावाला संध्याकाळपर्यंत कळलेले असते. सद्हेतूने केलेल्या कारवाईला कायद्याचे संरक्षण आहे, पण त्या रात्री ग्रामसेवकाच्या किंवा सेविकेच्या दारात कोणी उभे नसते. तरीही लग्न थांबवणारे ग्रामसेवक या जिल्ह्यांत आहेत. त्यांचे ऋण सरकारने मान्य केले पाहिजे.

हा प्रश्न एका मांडवापुरता नाही. सोळाव्या वर्षी गरोदर राहिलेली मुलगी रक्तक्षय घेऊन फडात उभी राहते, मोळ्या डोक्यावरून ट्रकपर्यंत वाहते, आणि कमी वजनाचे मूल जन्माला घालते. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांनी राज्य हादरले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. लवकर लग्न, लवकर बाळंतपणे, आणि पस्तिशीच्या आत गर्भाशय गमावणे, ही एकाच वाटेवरची गावे आहेत. आरोग्य खाते शेवटच्या गावी पोचते. पहिल्या गावी फक्त ग्रामसेवक असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ च्या निकालात सांगितले की जिल्हा पातळीवर प्रतिबंध अधिकाऱ्याकडे हेच एक काम असावे, दुसरा भार नसावा. राज्याने ते प्रामाणिकपणे अमलात आणावे आणि त्या अधिकाऱ्याला गाडी व महिला पोलीस द्यावेत. गावातून माहिती आली की २००६ च्या कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम घेण्याची धावपळ त्यानेच करावी. त्या हुकमानंतर लागलेले लग्न मुळातच रद्दबातल ठरते. हमीपत्रात ती ताकद नाही.

याच कलमात आणखी एक तरतूद आहे. अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी सामूहिक बालविवाह रोखण्यासाठी जिल्हाधिकारी स्वतःच प्रतिबंध अधिकारी मानले जातात. कायद्याचे शब्द ‘यांसारखे’ दिवस असे आहेत. ऊसतोड जिल्ह्यांत तो दिवस वैशाखात येतो तसाच मजुरांच्या टोळ्या निघण्याआधीच्या पंधरवड्यातही येतो. तेव्हा बीड आणि परभणीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी यंदा दसऱ्यापूर्वीच हे अधिकार वापरण्याची तयारी करावी, मुकादमांना बोलावून अठराखालील मुलीचे लग्न लावायला हातभार लावल्यास गुन्हा दाखल होईल हे लेखी कळवावे, आणि मागे राहणाऱ्या मुलींसाठी हंगामी वसतिगृहांची दारे टोळ्या निघण्याआधी उघडावीत.