पंधरा गाणी आणि भरपूर शांतता

'यंग मार्बल जायंट्स'बद्दल कुठेही वाचायला घ्या, एक सुस्कारा ठरलेला असतो. "अरेरे, एकच अल्बम काढला हो त्यांनी! अजून थोडे टिकले असते तर..." मला हा सुस्कारा काही पटत नाही. त्या एका अल्बमात जे आहे ते टिकणाऱ्यातलं नव्हतंच, आणि म्हणूनच ते तसं झालं, असं माझं मत आहे.

ज्यांना हे नावच नवीन आहे त्यांच्यासाठी (म्हणजे केवळ माझ्यावरच्या लोभापोटी इथे येणाऱ्या समस्त काका-मामा-आत्यांसाठी) थोडक्यात सांगते. वेल्समधलं कार्डिफ, साल १९७८. स्टुअर्ट आणि फिलिप मॉक्सम हे दोघे भाऊ आणि गायला ॲलिसन स्टॅटन. सेक्स पिस्टल्स त्याच वर्षीच्या जानेवारीत मोडले होते. पोस्ट-पंक ही तशी एक शैली नव्हेच. पंकवाले आरडाओरडा करून निघून गेल्यावर मोकळ्या झालेल्या मैदानात जो तो आपापला खेळ मांडून बसला, इतकंच. बाकीच्यांनी बराच आवाज केला. या तिघांनी मात्र आवाज काढूनच टाकला.

म्हणजे बघा, यांच्याकडे ड्रम वाजवणारा माणूसच नाही. मॉक्सम भावांच्या पीटर जॉइस या चुलतभावाने घरी बनवलेलं एक तालाचं यंत्र होतं. त्याचा ठेका कॅसेटवर भरून घ्यायचा आणि कार्यक्रमात ती कॅसेट लावायची. टिक-टिक, फुस्स, टिक-टिक. स्टुअर्ट गिटारच्या तारा तळहाताने दाबून वाजवतो, त्यामुळे सूर निघतो आणि तिथेच विझतो. गिटार मागे राहते आणि चाल पुष्कळदा फिलिपच्या बासवरच चालते. सहसा बास कानाला कळतो पण लक्षात येत नाही, इथे तो चक्क गातो. अधूनमधून एखादं साधंसं ऑर्गन. बस्स. दोन सुरांच्या मधली जागा कोणी भरत नाही. आमच्याकडे हे लावलं की आई पाच मिनिटांनी विचारते, "गाणं सुरू झालं का गं?" :-) तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

पैसे नव्हते म्हणून हे असं साधं झालं, असं कोणी म्हणतं. पैसे नव्हते हे खरं. 'कोलॉसल यूथ' हा अल्बम वेल्समधल्याच फोएल स्टुडिओत जेमतेम पाच दिवसांत उरकला आणि १९८०च्या फेब्रुवारीत रफ ट्रेडने काढला. पण त्या काळी गरीब बँड गल्लोगल्ली होते आणि बहुतेकांनी आपली गरिबी गोंगाटाखाली झाकली. हातात असलेलंसुद्धा न वाजवणं हा निर्णय असतो, नाइलाज नव्हे.

आता खरा मुद्दा, ॲलिसनचा आवाज. तिच्या गाण्यात कसब नाही, हरकती नाहीत, भावना ओतणं वगैरे तर नाहीच. बस स्टॉपवर उभं राहून कोणी स्वतःशीच गुणगुणावं तशी ती गाते. मजा म्हणजे गाणी प्रामुख्याने स्टुअर्टची आणि त्याला ती स्वतः गायची होती. ॲलिसन तेव्हा फिलिपची मैत्रीण, ती हवीच हा आग्रह फिलिपचा. ही नाराजी स्टुअर्टने पुढे मुलाखतींत लपवली नाही. मला वाटतं हा अल्बम या नाराजीवरच उभा आहे. गाणी आहेत एका चिडलेल्या, हिरमुसलेल्या तरुणाची. त्यानेच गायली असती तर ती तक्रार झाली असती. तिच्या तोंडी तीच तक्रार बातमीसारखी थंड होते, आणि मग ऐकणाऱ्याला ती आपली वाटायला लागते. हे श्रेय तिला सहसा कोणी देत नाही. 'साधा, निरागस आवाज' असं लिहून मोकळे होतात. निरागस कसला! तो आवाज कशालाच भुलत नाही.

पटत नसेल तर 'फायनल डे' ऐका, १९८०चंच. अणुयुद्धाचा शेवटचा दिवस, आणि गाणं दोन मिनिटांचंही नाही. मागे एक बारीक, उंच सूर अखंड लागलेला. तानपुऱ्यासारखा, पण आधार न देणारा. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने बॉम्ब पडला तर घरात काय करायचं याची पुस्तिका छापली होती. जग संपल्याचं ॲलिसन ज्या स्वरात सांगते तो दूधवाला आला नाही हे सांगण्याचा स्वर आहे. पुढच्याच वर्षी, १९८१च्या ऑगस्टमध्ये, अण्वस्त्रांच्या विरोधात ग्रीनहॅम कॉमनपर्यंत चालत निघालेल्या बायका कार्डिफहूनच निघाल्या. गाण्याचा आणि त्या मोर्चाचा संबंध आहे असा माझा दावा नाही, पण त्या शहराच्या हवेत काय होतं ते कळतं.

१९८०च्या अखेरीस अमेरिकेचा दौरा झाला आणि बँड संपला. ज्या ताणावर गाणी उभी होती त्या ताणावर तीन माणसं किती दिवस एकत्र प्रवास करणार? ॲलिसन 'वीकेंड'मध्ये गेली, स्टुअर्टने 'द जिस्ट' काढलं. दोन्ही ऐकण्यासारखी आहेत, विशेषतः 'वीकेंड', पण तिथे सगळे एकमेकांशी बरे वागताहेत असं वाटतं. कर्ट कोबेनने 'कोलॉसल यूथ' आपल्या आवडत्या अल्बमांच्या यादीत लिहिला, 'होल'ने १९९४मध्ये 'क्रेडिट इन द स्ट्रेट वर्ल्ड' जोरदार गिटारींसकट गायलं, आणि सुस्कारेवाल्यांची संख्या वाढली. 'होल'चं ते गाणं मला आवडतं. फक्त त्यात मूळच्या सगळ्या रिकाम्या जागा बुजवल्या आहेत.

असो. ऐकणार असाल तर 'एन.आय.टी.ए.'पासून सुरुवात करा, रात्री, पंखा बंद करून. आवाज मात्र वाढवू नका. आणि आत्या, 'फायनल डे' झोपताना नको.