सहज पाहिलें म्हणून

मी चित्रपटांचा जाणकार नव्हें, हें आरंभींच सांगून टाकतों. जुन्या अकरावीचा मॅट्रिक, थोडेंबहुत संस्कृत, आणि तेहतीस वर्षें मराठीच्या तासाला खडू झिजविलेला असा मी मास्तर. निवृत्त झाल्यापासून रात्रीच्या जेवणानंतर माजघरांत जें लावलें जाईल तें पाहणें, एवढाच माझा ह्या कलेशीं संबंध. आमच्या घरीं माणसें चौदा आणि दूरचित्रवाणीचा संच एक. तेव्हां काय पाहावयाचें हा निर्णय माझ्याकडे क्वचितच येतो. परंतु ह्या पानावर मनांत येईल तें मोकळेपणानें लिहावें अशी संपादकांची मुभा आहे. म्हणून गेल्या पावसाळ्यांत डोळ्यांखालून गेलेल्या कांहीं चित्रांविषयीं लिहितों.

रोजच्या मालिका आधीं उरकून घेतों. सायंकाळीं सातपासून आमच्या माजघरांत त्यांचेंच राज्य. त्यांतील सून निजतांनाही जरीचें पातळ नेसून आणि गळ्यांत चार पदर घालून निजते. सासूनें 'कोण?' म्हणून विचारलें कीं सहा जणांचे चेहरे तीन तीन वेळां दाखवून मग उत्तर मिळतें, तेंही दुसऱ्या दिवशीं. आमच्या वहिनी सत्तरीच्या आहेत. चाळीस वर्षें ह्या घराचा स्वयंपाक त्यांच्या हातून झाला. परवां त्या म्हणाल्या, "भावजी, ह्यांच्या घरांत भांडीं कोण घासतें हो?" ह्याहून मार्मिक टीका मला सुचणार नाहीं. एके काळीं मुंबई दूरदर्शनवर चिं. वि. जोशांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ येत असत. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे ह्यांची ती जोडी पाहतांना शेजारच्याच बिऱ्हाडांत डोकावल्यासारखें वाटे. आतांच्या मालिकांतील घरें मला मंगल कार्यालयासारखीं वाटतात.

आमच्या बंधूंना मात्र रामायण हवें. रामानंद सागरांची ती मालिका १९८७ च्या जानेवारींत सुरू झाली आणि १९८८ च्या जुलैंत संपली. रविवारीं सकाळीं रस्ते कसे ओस पडत, हें माझ्या पिढीनें पाहिलें आहे. २०२० च्या टाळेबंदींत ती पुन्हां दाखविली तेव्हां बंधूंनीं दुसरें पारायण केलें. हल्लीं नातवाच्या यंत्रावरून तिसरें चालू आहे. खरें सांगावयाचें तर आकाशांत बाणावर बाण आदळूं लागले कीं मला डुलकी येते. वाल्मीकींच्या ग्रंथांत जिचा मागमूस नाहीं ती लक्ष्मणरेषा तेथें सापडते, म्हणून मीं एकदां टोकलेंही. बंधू म्हणाले, "तुझी शाळा सुटली, तपासणी कांहीं सुटत नाहीं." मी गप्प बसलों. अरुण गोविल ह्यांचें तें मंद स्मित तांबडी शाई बाजूला ठेवून पाहिलें तर मनाला निववितें, एवढें कबूल केलें पाहिजे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. पुतण्याचा मुलगा पुण्यास शिकतो. तो श्रावणांत घरीं आला आणि त्यानें फर्मान काढलें कीं तीन शनिवार तीन चित्रपट तो निवडणार, आणि कोणीं मध्येंच उठावयाचें नाहीं. बायकांनीं एका संध्याकाळच्या मालिका सोडल्या, हा त्याचा पहिला विजय.

पहिल्या शनिवारीं 'संत तुकाराम' लागला. प्रभातचें हें चित्र १९३६ चें, दामले आणि फत्तेलाल ह्यांच्या हातचें. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. विष्णुपंत पागनीसांच्या मुखांतून अभंग ऐकतांना आमच्या बंधूंचे हात आपोआप जोडले गेले. मला विचाराल तर तुकोबांपेक्षां गौरीबाईंची जिजाई अधिक आवडली. ती नवऱ्यावर चिडते, विठोबावरही चिडते, आणि तिचें चिडणें पोरांच्या भुकेपोटीं आहे हें आपल्याला सारखें दिसत राहतें. ह्या चित्रांत सालोमालो नांवाचा एक ब्राह्मण आहे. तो तुकोबांचे अभंग स्वतःच्या नांवावर खपवितो, आणि तेवढ्यानें भागत नाहीं असें पाहून शास्त्राच्या अधिकाराचा आधार घेऊन त्यांचा छळ मांडतो. आमच्या माजघरांतील सगळे त्याच्यावर चिडले. जानवें घातलेले सहा पुरुष तेथें बसलों होतों. पण हें आपल्याविषयीं चाललें आहे असें आमच्यांतील एकालाही वाटलें नाहीं. मध्यें सुमारें पावणेचारशें वर्षांचें अंतर होतें.

संस्कृत साहित्यशास्त्रांत ह्या अवस्थेला नांव आहे. भट्टनायकानें तिला साधारणीकरण म्हटलें. रंगभूमीवरचें दुःख माझें नव्हे, माझ्या शत्रूचें नव्हे, तिऱ्हाइताचेंही नव्हे, अशा ठिकाणीं प्रेक्षक जाऊन पोंचतो; म्हणूनच शोकाचा करुणरस होतो आणि आपल्याला तो आस्वादतां येतो. तरुणपणीं हें मीं पाठ केलें होतें, आणि गेल्या श्रावणापर्यंत तें निरपवाद खरेंही मानीत होतों.

दुसरें चित्र चैतन्य ताम्हाणे ह्यांचें 'कोर्ट', २०१४ चें. ह्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. गटार साफ करणारा एक कामगार मरतो. एका लोकशाहिराच्या गाण्यामुळें त्यानें आत्महत्या केली असा आरोप ठेवून त्या वृद्ध शाहिराला पकडतात, आणि मग तारखांवर तारखा पडत जातात. बंधूंना पहिल्या अर्ध्या तासांतच पेंग आली, आणि चित्राची चाल संथ आहे हें खरेंच. कॅमेरा एका जागीं रोवून ठेवून दिग्दर्शक जणूं चहा प्यावयास गेला आहे. परंतु त्या कामगाराची विधवा साक्ष देण्यास उभी राहते आणि नवरा कामावर कसा जाई तें सांगते, तेव्हां मी सावरून बसलों. आंत झुरळ दिसलें म्हणजे हवा आहे असें समजून तो माणूस गटारांत उतरत असे! ती भूमिका करणारी बाई खऱ्या आयुष्यांतही अशाच कामगाराची विधवा आहे, असें मागाहून मुलानें सांगितलें. शाहीर झालेले वीरा साथीदार स्वतः चळवळींतले कार्यकर्ते. ते २०२१ सालीं गेले.

ह्या चित्रांत सरकारी वकील एक बाई आहे. कायद्याचीं कलमें ती पाढे म्हटल्यासारखीं वाचून दाखविते. मग घरीं येऊन स्वयंपाक करते, मुलाबाळांना वाढते, रविवारीं सर्वांना घेऊन नाटकाला जाते. आमच्या धाकट्या सुनेनें हळूच म्हटलें, "ही वाईट नाहीं हो, आपल्यासारखीच आहे." कोणीं उत्तर दिलें नाहीं. मला वाटतें, साधारणीकरणाला पहिला तडा तेथेंच गेला.

तिसरा शनिवार 'फँड्री'चा. नागराज मंजुळे ह्यांचें हें पहिलें मोठें चित्र, २०१३ चें. कैकाडी भाषेंत ह्या शब्दाचा अर्थ डुक्कर. जब्या हा शाळकरी पोर, त्याचें कुटुंब गांवाच्या कडेला राहतें, टोपल्या विणतें आणि गांवांत शिरलेलीं डुकरें धरून देण्याचें काम त्याच्या बापाच्या गळ्यांत आहे. बापाचें काम किशोर कदम ह्यांनीं केलें आहे, आणि मान इतकी खालीं घालून चालणारा बाप मीं पडद्यावर दुसरा पाहिलेला नाहीं. जब्याचें मन वर्गांतल्या एका मुलीवर जडलें आहे. पावणेदोन तासांत एवढीच गोष्ट.

त्यांत शाळेचा एक प्रसंग आहे. मास्तर चोखोबांचा अभंग शिकवीत आहेत. ऊस, कमान, नदी ह्यांचे दृष्टान्त ज्यांत आहेत तो. हा अभंग मीं स्वतः किती वर्षें शिकविला असेन! सोलापूर जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं माझी नोकरी झाली. चोखोबांचें मंगळवेढें आणि पंढरपूर त्याच जिल्ह्यांतलीं. मुलांकडून मी अलंकार ओळखून घेत असें, वृत्ताविषयीं सांगत असें, चोखोबांची समाधि महाद्वाराच्या बाहेर आहे हेंही सांगत असें. कोठें थांबल्यावर मुलें गंभीर होतात हें मला ठाऊक होतें, आणि तेथें मी थांबत असें. तास चांगला होई.

त्या वर्गांत शेवटच्या बाकावर, दाराजवळ, बाहेर काढलेल्या वहाणांच्या अगदीं लगत, एक मुलगा बसे. नांव सांगत नाहीं. मंगळवारीं बाजाराच्या दिवशीं तो हटकून गैरहजर असे. एका बुधवारीं मीं त्याला उभें केलें आणि विचारलें, "काय रे, बाजारांत काय विकलेंस? टोपल्या कीं विद्या?" वर्ग खदखदून हंसला. मी विनोदी मास्तर म्हणून प्रसिद्ध होतों. तो मुलगाही थोडा हंसला, हें मला स्पष्ट आठवतें. मान खालीं घालून, वर्गाच्या मागून, एकटा. आठवीनंतर तो शाळेंत आला नाहीं. पटावरून नांव कमी केलें तें माझ्याच अक्षरांत.

चित्राच्या अखेरीस जब्याच्या घरचीं सारीं माणसें शाळेच्या आसपास डुकरामागें धांवत आहेत, आणि गांवकरी व शाळेंतलीं मुलें कडेला बसून गंमत पाहत आहेत. मध्येंच शाळेंत राष्ट्रगीत सुरू होतें. धांवणारे जागच्या जागीं ताठ उभे राहतात. डुकराला राष्ट्रगीत ठाऊक नसल्यामुळें तें निसटतें. ह्यावर आमच्या माजघरांतही हंसूं फुटलें. पडद्यावरचीं मुलें हंसत होतीं, आणि आम्हीही. मग चिडलेला जब्या दगड उचलतो, आणि शेवटचा दगड तो समोर, पाहणाऱ्याच्या दिशेनें भिरकावतो. चित्र तेथें संपतें. भट्टनायकाच्या मतें मला त्या क्षणीं मी कोण आहें याचा विसर पडावयास हवा होता. मला तर माझ्या हजेरीपटाचा रंगदेखील आठवला.

दिवा लावला तेव्हां मुलानें सहज विचारलें, "आबा, तुमच्या वर्गांत होतें का हो असें कोणी?"

चौदा माणसें बसलीं होतीं. मीं म्हटलें, "आठवत नाहीं."

तें खोटें होतें. हा अंक आमच्या घरीं येतो आणि पहिल्यानें वहिनी वाचतात; तेव्हां त्या आतां सर्वांना सांगतीलच. पुण्याला मीं स्वतः पत्र टाकलें आहे.

ह्या चित्रांत दोष नाहींत असें नव्हे. काळी चिमणी धरून तिची राख करण्याचें तें प्रकरण लांबलें आहे. शिव्यांचा सुकाळ आहे; आमच्या बंधूंनीं दोनदां खांकरून नापसंती दर्शविली. शेवटीं पकडलेलें डुक्कर वाहून नेतांना मागच्या भिंतीवर आंबेडकर, फुले, गाडगेबाबा ह्यांच्या तसबिरी रंगविलेल्या दाखविल्या आहेत. मुलगा म्हणाला, हें फारच सूचक आहे. मला तें जरा अधिक झालें असें वाटलें. मग वाटलें, आमच्या शाळेच्या भिंतीवरही त्याच तसबिरी होत्या, आणि त्या रंगविण्याची वर्गणी गोळा करण्यांत मी पुढें होतों. हा आक्षेप मागें घेतों.

'हीं चित्रें मुलांना दाखवावीं काय' असें कांहीं वाचक भगिनी विचारतील. 'तुकाराम' पांच वर्षांच्या पोरालाही दाखवा. 'कोर्ट'ला लहान मुलें कंटाळतील. वकिली करणारे कोणी घरांत असतील तर त्यांना मात्र जरूर बसवा. 'फँड्री' सातवी-आठवीच्या मुलांना दाखवावा असें माझें मत आहे, शिव्यांसकट. त्या शिव्या त्यांना आधींच ठाऊक असतात, हें कोणताही मास्तर सांगेल.

दिवाळींत मुलगा पुन्हां येणार आहे, आणि 'सैराट' लावीन म्हणतो. त्यांतलीं गाणीं वहिनींच्या कानावर कधींच पडलीं आहेत. स्वयंपाकघरांत त्या गुणगुणतातही. शेवट त्यांना कोणीं सांगितलेला नाहीं.