उरलेल्याचा किती भाग?

उत्पन्नाचा अमुक भाग खर्च झाला, उरलेल्याचा तमुक भाग दुसऱ्या कामी लागला आणि इतके रुपये शिल्लक राहिले. तर एकूण उत्पन्न किती? अपूर्णांकांची अशी शाब्दिक उदाहरणे बीजगणितात नेहमीची आहेत. ती केवळ गुणांपुरती सोडवून घेणे आम्हांस अपुरे वाटते.

आपल्या जिल्ह्यातील पाथर्डी, शेवगाव भागांतून अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल बहुधा आधीच खर्च झालेली असते. मजुरी मात्र अजून मिळवायची असते. अशा घरांतील मुलांसमोर उदाहरण असे मांडावे: एका जोडप्याच्या हंगामी मजुरीचा २/३ भाग उचल फेडण्यात गेला, उरलेल्याचा ३/४ भाग घरखर्चात गेला आणि ५,००० रुपये शिल्लक राहिले. मजुरी क्ष मानल्यास उचल फिटल्यावर क्ष/३ उरते. त्याचा चौथा हिस्सा, म्हणजे क्ष/१२, ही शिल्लक. म्हणून क्ष = ६०,००० आणि उचल ४०,००० रुपये.

घाईत विद्यार्थी ‘उरलेल्याचा’ हा शब्द वगळतो आणि २/३ व ३/४ यांची सरळ बेरीज करतो. उत्तर येते १७/१२, म्हणजे एकाहून मोठे. वहीतील ही चूक खोडता येते. घरात मात्र मिळकतीहून खर्च मोठा झाला, की तो पुढील हंगामाच्या उचलीत जाऊन बसतो.

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात तथागतांनी सिगाल या गृहपतिपुत्रास मिळकतीचे चार भाग सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायासाठी आणि चौथा आपत्काळासाठी. येथे बचत म्हणजे शेवटी चुकून उरलेली रक्कम नव्हे. तो आधीच ठरविलेला हिस्सा आहे. उचलीखाली दबलेल्या घराला आजच १/४ भाग बाजूला काढा, असे सांगणे निष्ठुरपणाचे ठरेल. परंतु आपले किती फिटले व किती उरले, हे स्वतः मांडून पाहण्याचा अधिकार त्या घराला आहेच. बाबासाहेबांच्या ‘शिका’ या संदेशात हिशेब वाचता येणेही अंतर्भूत आहे, असे आम्ही मानतो.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे, की मुकादमाशी हिशेब होताना आपल्या मुलामुलींना जवळ बसवावे आणि उचल, मजुरी व फेड त्यांच्याकडून वहीत लिहवून घ्यावी. माजी विद्यार्थ्यांनीही वर्गात येऊन आपल्या पगाराची वाटणी फळ्यावर मांडावी. त्या उदाहरणांची उत्तरे मुले पुस्तकाच्या मागील पानांत शोधणार नाहीत.