मूर्ती सापडली कुठे?

इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातल्या, ग्रीसच्या सायक्लेडीझ बेटांवरच्या संगमरवरी मूर्ती कुणालाही भुरळ घालतील अशाच आहेत. हातांची घडी पोटावर, चेहऱ्यावर फक्त नाक. विसाव्या शतकात आधुनिक शिल्पकारांनी त्या डोक्यावर घेतल्या, संग्राहक मागे लागले आणि १९५०-६०च्या दशकांत बेटांवरची थडगी रातोरात उकरली गेली. पुरातत्त्वज्ञ डेव्हिड गिल आणि ख्रिस्तोफर चिपिंडेल यांनी १९९३मध्ये हिशेब मांडला, तेव्हा मूर्तींच्या काळातल्या दफनांचा सुमारे ८५ टक्के पुरावा नष्ट झाला असावा, असा त्यांचा अंदाज निघाला. आज काचेच्या कपाटांतल्या बहुतेक मूर्ती कुणाच्या उशाशी होत्या, बाईच्या की पुरुषाच्या, हे कधीच कळणार नाही. ही हानी मला चोरीपेक्षाही मोठी वाटते. चोरलेली मूर्ती परत आणता येते, उकरलेलं थडगं पुन्हा रचता येत नाही.

याच बेटांपैकी केरोसवर पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांच्या चमूला २००६मध्ये लुटारूंचा हात न लागलेला एक साठा मिळाला. त्यात मूर्तींचे तुकडेच तुकडे, पण एकमेकांना जुळणारे जवळपास नाहीतच. म्हणजे मूर्ती दुसरीकडे फोडून एकेक तुकडा इथे आणून पुरला जात होता. बाजाराच्या लेखी किरकोळ असलेल्या या तुकड्यांनी एक अख्खा विधी उलगडून दाखवला.

आपल्याकडचं इनामगाव घ्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या जोर्वे काळातल्या एका घराच्या जमिनीखाली झाकणाची मातीची पेटी निघाली. तिच्यासोबत कच्च्या मातीच्या स्त्रीमूर्ती आणि एक बैल. एका मूर्तीला डोकंच नाही. तिच्या पोटाला भोक, बैलाच्या पाठीलाही भोक. मधे काडी खोवली की ती बैलावर बसते. लिलावात या ओबडधोबड मातीकडे कुणी ढुंकून पाहिलं नसतं. पण ती घरात, जमिनीखाली, जाणूनबुजून पुरलेली मिळाली, म्हणून त्या काळच्या एका कुटुंबाच्या श्रद्धेबद्दल आज बोलता येतं.

नदीकाठच्या शेतात नांगराला अशी बाहुली लागली, तर ती उचलून शोकेसमध्ये ठेवू नका. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती देशाबाहेर विकायला १९७२च्या कायद्याने बंदी आहेच, पण तेवढं पुरेसं नाही. नांगर थांबवा, जागेवरच फोटो काढा आणि तहसील कार्यालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. आजूबाजूची खापरं आणि राखही तशीच राहू द्या.