कळसूबाईचा खडक थंड, भूगर्भ मात्र तप्तच

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील १,६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांचे बनले आहे. तो लाव्हा केव्हाच थिजला. भूगर्भातील उष्णता मात्र टिकून आहे. तिच्यामुळे प्रावरणातील तप्त खडक संथपणे वर येतो, थंड व जड झालेला खाली बुडतो आणि भूपट्ट सरकत राहतात. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकून आशियाला रेटत आहे. त्याचा ताण दख्खनच्या पठारातही साठतो. स्थिर मानल्या गेलेल्या याच पठारावर, किल्लारी परिसरात, ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने सुमारे १० हजार बळी घेतले. बहुतेक जण दगड-मातीच्या घरांखाली गाडले गेले. भूपट्ट रोखता येत नाहीत; भूकंपरोधक घरे मात्र बांधता येतात.