तळहातावरचा घाम

आमच्या खटकचिंचोळीत घाम म्हणजे कष्टाची खूण. घाम म्हणा की बेवरू, त्याचं कौतुकच. पण पौषातल्या थंडीतही ज्याचे तळहात ठिबकतात, त्याला हे कौतुक नको असतं. माझ्या 19 वर्षांच्या भाचीचं तसंच आहे. उत्तरपत्रिकेवर हाताखाली रुमाल, रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही, आणि आता घरात सोयरिकीची बोलणी. मी म्हटलं, "बघायला येणारे काय हात धरून बघतात?" तर म्हणते, "मावशी, बांगड्या भरणारी तर धरते की!"

भावजींनी कुठून तरी ऐकलं, ऑपरेशन केलं की हात कायमचे कोरडे. खोटं नाही ते. छातीत मणक्याच्या दोन्ही बाजूंना सिम्पथेटिक नसांची साखळी असते. पूर्ण भूल देऊन काखेजवळच्या बारीक छिद्रांतून दुर्बीण घालतात आणि ती नस कापतात किंवा चिमट्यानं दाबतात. बहुतेकांचे हात लगेच कोरडे पडतात.

पुढचं मात्र कुणी सांगत नाही. हाताचा घाम बंद होतो आणि पुष्कळांना पाठ, पोट, मांड्यांवर नव्यानं घाम सुटतो. काहींना इतका, की दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात. क्वचित एका डोळ्याची पापणी उतरते. आणि कापलेली नस पुन्हा पहिल्यासारखी होईल याचा भरवसा नाही. तैवान सरकारनं तर 2004 साली वीस वर्षांखालच्यांवर हे ऑपरेशन करायला बंदी घातली. आमची पोर अजून त्याच वयातली. लग्नाची घाई मोठ्यांची, पाठ मात्र जन्मभर तिची भिजणार!

आधीच्या पायऱ्या किती तरी आहेत, वाचकहो. रात्री कोरड्या हाताला लावायचं अॅल्युमिनियम क्लोराइड, पाण्याच्या तबकात हात ठेवून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार, गोळ्या (त्यांनी तोंडाला कोरड पडते), बोटॉक्सची इंजेक्शनं. ती महाग, दुखरी आणि काही महिनेच टिकणारी. मोठेपणी अचानक सर्वांगाला किंवा झोपेत घाम सुटू लागला, तर गोष्ट वेगळी. थायरॉईड, क्षय तपासून घ्यावा.

एवढं सगळं करूनही हात ठिबकतच राहिले, तर ऑपरेशन जरूर करावं. पण हो म्हणायचं ते तिनं, भावजींनी नव्हे. सध्या ती रात्री औषध लावून झोपते. चुरचुरतं म्हणून एक दिवसाआड.